सायटोकाइन पॅनल करू का? आधी बायोटिन थांबवा

प्रश्न: मी ३३ वर्षांची, राहते कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. मुलगी पाच वर्षांची आहे आणि आता दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय. केस फार गळतात, दुपारनंतर अंगात त्राण उरत नाही, म्हणून तपासण्या केल्या. टीएसएच (थायरॉइड मंदावली की वाढणारं हॉर्मोन) ६.८, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन) नॉर्मल, अँटी-टीपीओ ही थायरॉइडविरुद्धची अँटीबॉडी ६१२ (रिपोर्टवर मर्यादा ३४). आमच्या डॉक्टरांनी ‘हाशिमोटो’ (स्वतःचीच प्रतिकारसंस्था थायरॉइडवर उलटण्याचा आजार) असं निदान करून थायरॉइड हॉर्मोनची २५ मायक्रोग्रॅमची गोळी लिहून दिली, पण ती मी अजून सुरू केलेली नाही. एका वेलनेस सल्लागाराचं म्हणणं असं की गोळी हा वरवरचा इलाज आहे, मूळ सायटोकाइनमध्ये आहे. आधी सायटोकाइनचं पॅनल करायचं, मग ते खाली आणायला गहू बंद, हळदीच्या कॅप्सूल, सेलेनियम आणि रोज गुळवेलीचा काढा. केसांसाठी १० मिलिग्रॅम बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) चालूच आहे. पॅनल करावं का? अँटीबॉडी खाली कशा आणायच्या? आणि मुलीचीही तपासणी करून घेऊ का?

उत्तर: पॅनल करू नका. बायोटिन मात्र आजच बंद करा आणि तीन दिवस गेले की टीएसएच व फ्री टी४ पुन्हा करून घ्या, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि सकाळी.

बायोटिनची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. तुम्ही १० मिलिग्रॅम घेताय, म्हणजे गरजेच्या तीनशे पटींहून जास्त. त्याचा शरीराला सहसा त्रास होत नाही, पण तपासणीच्या यंत्राला होतो. बऱ्याच हॉर्मोन तपासण्यांमध्ये बायोटिन हाच जोडणीचा दुवा म्हणून वापरलेला असतो. रक्तातूनच भरमसाट बायोटिन आलं की तो दुवा अडतो. मग टीएसएच असतो त्यापेक्षा कमी दिसतो, आणि फ्री टी४ असतो त्यापेक्षा जास्त. काही यंत्रांवर अँटी-टीपीओही उगाच वाढलेलं येतं. तुमच्या रिपोर्टवर ३४ ही मर्यादा आहे, ती अशाच जोडणीवर चालणाऱ्या यंत्रांची ओळख. नव्या किटमध्ये ही अडचण बरीच कमी केलेली आहे, पण आपल्या लॅबमध्ये कोणतं किट आहे हे काउंटरवर विचारून कळेलच असं नाही. तेव्हा खरा टीएसएच ६.८ पेक्षा जास्तही असू शकतो आणि ‘नॉर्मल’ फ्री टी४ प्रत्यक्षात त्याहून खाली असू शकतो. इतक्या कच्च्या आकड्यावर गोळी नाकारण्याचा निर्णय घेऊ नये.

आता सायटोकाइन. आजाराच्या मुळाशी ते आहेत, हे सल्लागारांचं म्हणणं खरंच आहे. गडबड होते ती त्यावरून त्यांनी काढलेल्या निष्कर्षात. म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो.

सायटोकाइन म्हणजे प्रतिकारपेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. ही छोटी प्रथिनं असतात. एका पेशीतून सुटतात, दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर त्यांच्यासाठी असलेल्या ग्राहकात जाऊन बसतात आणि त्या पेशीतली जनुकं चालू किंवा बंद करतात. कोविडमध्ये ‘सायटोकाइन स्टॉर्म’ हा शब्द घरोघरी पोचला, तेव्हापासून सायटोकाइन म्हटलं की लोकांना वादळच आठवतं. हाशिमोटोमध्ये वादळ नसतं. असते ती एका ग्रंथीपुरती, वर्षानुवर्षं चाललेली धुसफूस. १९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जनने चार स्त्रियांच्या थायरॉइडचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्याला ग्रंथीत लिम्फोसाइट या प्रतिकारपेशींची दाटी दिसली होती. त्या पेशी तिथे का जमतात, याचं उत्तर मिळायला पुढे कित्येक दशकं गेली, आणि त्या उत्तराचा मोठा भाग सायटोकाइनच आहे.

ग्रंथीत शिरलेल्या टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) इंटरफेरॉन-गॅमा हा सायटोकाइन सोडतात. एरवी थायरॉइडची पेशी आपल्या अंगावर ‘एचएलए वर्ग २’ ही प्रथिनं आणत नाही. टी पेशींना परक्या प्रथिनांचे तुकडे दाखवायचं ते साधन, आणि ते काम प्रतिकारसंस्थेतल्या ठरावीक पेशींचं. इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप मिळाला की थायरॉइडची पेशी ते साधन अंगावर घेते आणि स्वतःच्याच प्रथिनांचे तुकडे टी पेशींपुढे मांडू लागते. त्याच निरोपामुळे ती सीएक्ससीएल१० नावाचा आणखी एक रेणू सोडते. त्याचं काम बोलावण्याचं. बोलावल्यावर आणखी टी पेशी येतात, त्या आणखी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, की पुन्हा बोलावणं जातं. म्हणजे मार खाणारी पेशीच मारेकऱ्यांना आवतण धाडत राहते. हा आजार आपणहून क्वचितच निवतो, त्याचं एक मोठं कारण हे चक्र.

इंटरल्यूकिन-१ बीटा आणि टीएनएफ-अल्फा दोन प्रकारे नुकसान करतात. रक्तातलं आयोडीन पेशीत ओढून घेणारा पंप ते मंदावतात, शिवाय हॉर्मोन बनवायला लागणारं टीपीओ हे एन्झाइम आणि थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन तयार होणंही घटवतात. म्हणजे पेशी जिवंत असते, पण काम धड करत नाही. दुसरं म्हणजे इंटरल्यूकिन-१ बीटामुळे पेशीवर ‘फास’ नावाचा ग्राहक उगवतो. तो दाबला गेला की पेशी स्वतःला संपवते. तिसऱ्या बाजूला इंटरल्यूकिन-४ आणि २१ बी पेशींना अँटीबॉडी बनवायला मदत करतात. हे सगळं आवरायचं काम इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा यांचं, पण इथे त्यांचा लगाम सैल पडलेला असतो. जुन्या पुस्तकांत ‘हाशिमोटो म्हणजे टीएच१, ग्रेव्ह्ज म्हणजे टीएच२’ अशी सुटसुटीत वाटणी असायची. (टीएच१ आणि टीएच२ हे मदतनीस टी पेशींचे दोन प्रकार; ग्रेव्ह्ज म्हणजे प्रतिकारसंस्थेमुळेच थायरॉइड फाजील चालण्याचा आजार.) प्रत्यक्षात दोन्ही आजारांत दोन्हीकडचे निरोप सापडतात, इंटरल्यूकिन-१७ सोडणाऱ्या पेशीही सापडतात. कुणी तुम्हाला टीएच१-टीएच२ चा ‘बॅलन्स’ विकू लागलं, तर ते जुन्या आवृत्तीवर चालले आहेत असं समजा.

माणसांमधला याचा सर्वांत ठळक पुरावा औषधांमुळे मिळाला. हिपॅटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं महिनोन्‌महिने द्यावी लागत. ती घेताना अनेकांना नव्याने थायरॉइडचा आजार जडला, ज्यांच्या अँटीबॉडी आधीपासून होत्या त्यांना तर जास्तच. कर्करोगावरची पीडी-१ रोखणारी औषधं टी पेशींचा लगाम सोडतात. त्यांच्यामुळेही काही आठवड्यांत थायरॉइडचा दाह सुरू झालेला दिसतो. निरोप बदलले की ग्रंथी बिघडते, याबद्दल शंका नाही.

मग ते मोजायचे का नाहीत? कारण पॅनलमध्ये मोजतात ते हाताच्या शिरेतलं रक्त, आणि हे निरोप चालतात ग्रंथीच्या आत, पेशीकडून शेजारच्या पेशीकडे. वाड्याच्या माजघरातली कुजबुज लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून ऐकू येत नाही. तिथे ऐकू येतो तो रस्त्याचाच गोंगाट. रक्तातलं इंटरल्यूकिन-६ सर्दीने वाढतं, हिरड्या सुजल्याने वाढतं, पोटावरच्या चरबीतून सतत झिरपतं. स्नायूही ते सोडतात, म्हणजे सिंहगड चढून-उतरून आल्या आल्या रक्त दिलंत तर आकडा वर जाणारच. शिवाय यातली बरीच प्रथिनं रक्तात काही मिनिटं ते काही तासच टिकतात, आणि नमुना लॅबपर्यंत पोचायला उशीर झाला तर नळीतल्या पेशीही गडबड करतात. समजा सगळं काटेकोर झालं आणि इंटरल्यूकिन-६ वाढलेलं आलं, तरी अमुक आकड्याला हाशिमोटोत अमुक उपचार, असा नियम कुठेच नाही. रिपोर्ट कसाही आला तरी तुम्हाला गोळी लागते की नाही हे टीएसएचच ठरवणार.

सायटोकाइन अडवणारी औषधं आहेत. संधिवातात टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं वापरतात, आणि ती देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करतात, कारण दबून बसलेला क्षय त्यांच्यामुळे उसळू शकतो. आपल्याकडे ही भीती पुस्तकी नाही. सांध्यांचं हाड झिजत असेल तर हा धोका पत्करण्यात अर्थ आहे. थायरॉइडमध्ये, ग्रंथी जे हॉर्मोन बनवते तेच, रेणूला रेणू जुळणारं, स्वस्त गोळीतून मिळतं. तेव्हा प्रतिकारसंस्थेला हात कशाला घालायचा? ग्रेव्ह्जमध्ये डोळे बाहेर येतात, त्या अवघड प्रकारात इंटरल्यूकिन-६ चा ग्राहक अडवणारं टॉसिलिझुमॅब काही रुग्णांत वापरलं जातं. तो वेगळा आजार, वेगळा हिशेब.

अँटीबॉडी खाली आणण्याच्या मागे लागू नका. अँटी-टीपीओ ही मुख्यतः झालेल्या पडझडीची नोंद आहे. ती पडझड एकट्याने घडवत नाही, याचा पुरावा असा: या अँटीबॉडी वार ओलांडून बाळाच्या रक्तात जातात, तरी बाळाची ग्रंथी त्यामुळे नष्ट होत नाही. (ग्रेव्ह्जच्या टीएसएच-ग्राहकावरच्या अँटीबॉडी तशाच ओलांडतात आणि बाळाला खरोखर त्रास देऊ शकतात, म्हणून त्या गरोदरपणी मोजतात.) ६१२ चे ३०० झाले म्हणजे आजार अर्धा झाला, असं होत नाही. दुसऱ्या यंत्रावर मर्यादाच ९ असते, त्यामुळे दोन लॅबच्या आकड्यांची तुलनाही करता येत नाही. एकदा पॉझिटिव्ह आली, काम झालं. दर तीन महिन्यांनी पुन्हा करण्यात पैसे जातात, माहिती मिळत नाही.

तिचा उपयोग आहे तो पुढचा अंदाज बांधायला. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम इथल्या लोकांचा वीस वर्षं पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष १९९५ साली आले. टीएसएच वाढलेला आणि अँटीबॉडीही पॉझिटिव्ह, अशा स्त्रियांपैकी वर्षाला ४.३ टक्के उघड हायपोथायरॉइडिझमकडे, म्हणजे थायरॉइड स्पष्टपणे कमी पडण्याकडे गेल्या. नुसत्या अँटीबॉडी असणाऱ्यांत हे प्रमाण २.१ टक्के होतं. तुम्ही पहिल्या गटात बसता.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती या सरळ हिशेबात बसत नाही. नॉर्वेत १५० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. या लोकांची अँटी-टीपीओ १००० च्या वर होती, गोळीने टीएसएच ठीक होता, तरी थकवा हटत नव्हता. ज्यांची पूर्ण ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली, त्यांचा थकवा कमी झाला. म्हणजे ग्रंथीतल्या दाहाचा थकव्याशी काही संबंध असावा, असं मानायला जागा आहे. पण १४ टक्के रुग्णांत शस्त्रक्रियेची गुंतागुंत झाली. कॅल्शियम घसरणं आणि आवाजाची नस दुखावणं हे या शस्त्रक्रियेतले नेहमीचे धोके. तुमच्या टप्प्यावर हा विषयच नाही. तुमच्या थकव्यासाठी आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ बघा, शाकाहारी असाल तर बी१२ नक्कीच. केसगळतीमागे फेरिटिन कमी असणं फार वेळा सापडतं, आणि ते बायोटिनने भरून येत नाही.

सुचवलेल्या यादीकडे वळू. गहू: सीलिअ‍ॅक हा गव्हाचा आजार हाशिमोटोवाल्यांत इतरांपेक्षा जास्त आढळतो, म्हणून टीटीजी-आयजीए ही चाचणी करणं रास्त. पण ती गहू खात असतानाच करायची. आधी पोळी बंद केली तर चाचणी खोटीच निगेटिव्ह येऊ शकते. चाचणी निगेटिव्ह आली की पोळी सुखाने खा. ज्वारी-बाजरीची भाकरी आवडते म्हणून खायची असेल तर कुणाची ना आहे? हळद: प्रयोगशाळेतल्या बशीत कर्क्युमिन दाहाचे निरोप दाबतं हे खरं, पण पोटातून ते फारच थोडं शोषलं जातं. म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पायपेरीन घालतात, आणि अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजी-आमटीतली हळद राहू द्या.

गुळवेलीचा काढा मात्र तुम्ही बिलकुल घेऊ नका. ‘इम्युनिटी वाढवणारा’ म्हणून तो विकतात, आणि तुमच्या ग्रंथीत तर तीच फाजील चेतलेली आहे. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये ऑटोइम्यून पद्धतीची, म्हणजे प्रतिकारसंस्था यकृतावर उलटल्यासारखी कावीळ नोंदवली, त्यातल्या काहींना आधीपासून ऑटोइम्यून आजार होते. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, आणि तो वाद असेलही. पण ज्याच्यापासून तुम्हाला फायदा होईल असं कुणीच दाखवलेलं नाही, त्याच्यासाठी यकृत पणाला का लावायचं? हाच न्याय अश्वगंधेला. ती थायरॉइडचे आकडे हलवू शकते, आणि गरोदरपणात टाळायलाच सांगतात.

सेलेनियमने अँटीबॉडीचा आकडा उतरतो हे काही चाचण्यांत दिसलं. गोळी टळली किंवा बरं वाटू लागलं, असं मात्र खात्रीने दिसलेलं नाही. जास्त झालं तर केस गळतात आणि नखं ठिसूळ होतात, म्हणजे तुमची मूळ तक्रारच वाढायची. समुद्री शेवाळाच्या, म्हणजे केल्पच्या गोळ्याही नकोत: जादा आयोडीनने थायरोग्लोब्युलिन प्रतिकारसंस्थेच्या जास्त डोळ्यावर येतं. उलट मीठ आयोडीनयुक्तच हवं. घरात सगळ्याला सैंधव वापरत असाल तर बदला, कारण गरोदरपणी आयोडीनची गरज १५० वरून २५० मायक्रोग्रॅमवर जाते. कोबी-फ्लॉवर शिजवून खायला हरकत नाही.

आता गोळी. बाळाचा विचार नसता तर ६.८ वर दोन-तीन महिने वाट बघून पुन्हा तपासा म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत वाट बघू नये. पहिले कित्येक आठवडे बाळ आईच्याच हॉर्मोनवर असतं. त्याची स्वतःची ग्रंथी दहा-बारा आठवड्यांनी आयोडीन ओढू लागते आणि कामाला लागायला गर्भारपणाचा जवळजवळ मध्य उजाडतो. दिवस राहण्याआधी टीएसएच २.५ च्या खाली असावा. तीन दिवसांनंतरचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. आकडा साताच्या आसपास असेल तर २५ ते ५० मायक्रोग्रॅम बहुधा पुरेल, पण कुठून सुरू करायचं ते त्यांना ठरवू द्या. त्याआधी वजन उतरत असेल, उभं राहिलं की चक्कर येत असेल, त्वचा काळवंडली असेल तर तेही सांगा. अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा ऑटोइम्यून आजार सोबत असेल तर आधी तो बघावा लागतो.

गोळी उठल्या उठल्या, साध्या पाण्याबरोबर. चहा त्यानंतर पाऊण ते एक तासाने. पहिला चहा सुटत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घ्या, तेही चालतं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तासांचं अंतर हवं. गरोदरपणी टीएसएच अचानक वर जातो तेव्हा पुष्कळदा घोटाळा इथेच असतो: तिन्ही गोळ्या एकाच डबीतून एकाच वेळी घेतलेल्या असतात. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी चालतं, या हॉर्मोनचं अर्धायुष्य सात दिवसांचं आहे. त्याच कारणाने डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांआधी टीएसएच करू नये. बाटली गॅसजवळच्या फळीवर किंवा बाथरूममध्ये ठेवू नका, पावसाळ्यात तर नाहीच. उष्णता आणि दमट हवा या दोन्हींनी गोळीतला अंश घटतो. कंपनी शक्यतो तीच ठेवा, बदलली तर सहा आठवड्यांनी तपासा. तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या.

गोळी चालू असताना दिवस राहिले तर काय करायचं, ते डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या. रूढ पद्धत अशी की चाचणी पॉझिटिव्ह आली त्या दिवसापासून आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन वारी दोन-दोन. मग त्याच आठवड्यात टीएसएच, पुढे गर्भारपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी, आणि एकदा तिसाव्या आठवड्याच्या सुमारास. बाळंत झाल्यावर डोस पूर्वीचाच, आणि सहा आठवड्यांनी तपासणी. गरोदरपणात प्रतिकारसंस्था जरा नमतं घेते आणि बाळंतपणानंतर उसळी मारते. अँटी-टीपीओ असलेल्या बायकांत पहिल्या वर्षात थायरॉइडचा दाह डोकं वर काढतो तो याच उसळीत. बाळ दोन-तीन महिन्यांचं असताना छाती धडधडली, हात थरथरले, तर ‘जागरणानं होतंय’ म्हणून सोडून देऊ नका, टीएसएच करा. तो टप्पा बहुधा आपोआप उतरतो, आणि त्यानंतर टीएसएच वर जाऊ शकतो.

सोनोग्राफी हाताला गाठ लागत असेल तरच. मानेची सूज काही आठवड्यांत झपाट्याने वाढली, आवाज बसला, गिळताना अडकू लागलं, तर मात्र लगेच दाखवा.

मुलीची अँटी-टीपीओ आत्ता करू नका. पॉझिटिव्ह आली तरी त्यावर करण्यासारखं काही नाही, आणि पाच वर्षांच्या पोरीवर उगाच शिक्का बसेल. तिची उंची मोजा. लहान मुलांत थायरॉइड मंदावल्याची खूण पुष्कळदा आधी उंचीतच दिसते. दर सहा महिन्यांनी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी करा आणि पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढायला हवी. वाढ पाचच्या खाली गेली, किंवा गळ्याशी सूज दिसली, की बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन टीएसएच करून घ्या.